काकांचा होकार

कोयनेच्या जंगलात जायचं आमचं उन्हाळ्यापासून ठरतंय. दिवसभर डोंगर चढायचा, रात्री पाण्याकाठी तंबूत झोपायचं, सकाळी आपणच वल्हवायच्या होडीतनं हिंडायचं. सोलापुरात नळाला चार दिसाआड पाणी येतं, त्यामुळं पाण्यावर नुसतं बसायला मिळणार म्हणूनच आमी दोघी येड्या झालतो. तंबू ठरला, बूट ठरले, मॅगी किती न्यायची त्यावरनं भांडण पण झालं. अडलं एकाच ठिकाणी, मैत्रिणीच्या वडलांपाशी.

काकांचं कापडाचं दुकान. गिऱ्हाइकाशी मराठी, घरात कानडी, अन् नकार कायम कानडीतच. "ब्याड." म्हणजे नको. त्याच्या पुढं चर्चा न्हाई.

मला शाळेपासून नकला करायची खोड. हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, कुकरची शिट्टी, सगळं काढते. म्हणून तिला म्हटलं, मी काका होते, तू परवानगी माग, तेवढाच सराव. त्यांच्या स्वयंपाकघरात चष्मा नाकावर ओढून पाटावर बसले. तिनं मागितलं. मी मान न हलवता म्हटलं, ब्याड. तिनं सांगितलं गाईड हाय, लाईफ जॅकेट हाय. ब्याड, ब्याड. ती हसून लोळायला लागली, मग मी लईच रंगात आले.

काकू तिथंच भाकरी थापत होत्या. मला वाटलं आता रागावतील. म्हणून आधीच, काकांच्याच आवाजात त्यांना विचारलं, तुझं काय म्हणणं हाय?

काकूंनी तवा उतरवला. पिठाचे हात तसेच धरून, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मला बी न्या की एकदा. लग्न झाल्यापासून पाणी म्हणून टँकरच बघतीय."

मैत्रीण उठून बसली. आता मी बोलायला पायजे होतं, त्या घडीला काका मीच की. त्यांचा खोकला येतो मला, ढेकर येतो, ब्याड तर झोपेत पण येईल. पण होकार? तो काका मराठीत देतात का कानडीत, हेच कधी ऐकलं नव्हतं. मैत्रिणीकडं बघितलं. तिला पण ठाऊक नव्हतं.

शेवटी माझ्याच आवाजात म्हटलं, "चला की काकू."

त्या जराशा हसल्या अन् पुढची भाकरी थापायला घेतली.

काकांना अजून कुणी विचारलं न्हाई. मैत्रीण म्हणती, आता विचारायचं तर आईचं बी विचारायचं, अन् त्याला लई धीर लागतो. आमी तारखा काढतो, पुढं ढकलतो. मी गेले की काकू चहा ठेवतात अन् म्हणतात, ते वल्ह्याचं कर गं. व्हिडिओ बघून बसवलंय मी ते. वल्हं पाण्यात शिरतानाचा आवाज, मग वर येताना थेंब पडतात तो. काकू वट्याला टेकून डोळे मिटतात. चहा उतू जातोय, हे मी सांगत न्हाई.