गडाखालचा एक मुक्काम

सकाळी दुकानाचं शटर वर करत होतो, तेवढ्यात शेजारच्या बूथवाल्यानं हाक मारली, "गडाकडनं फोन हाय तुमाला." कड्याखालच्या वाडीतला म्हादबा बोलत होता. "पावणं, काल सांजच्याला दिवा दिसलाच न्हाई की. म्हणून आमी दोघं वर गेलतो... अक्का उंबऱ्याला टेकून बसल्याली. गेली ओ." ज्या दिव्यानं त्या बाईला जखडून ठेवलं, त्यानंच तिची बातमी दिली. मला आधी रडू आलं नाही, राग आला. महिना उलटून गेला तरी तो उतरलेला नाही, आणि लिहिताना तो लपवायचाही माझा विचार नाही.

अक्का माझी थोरली बहीण. तिचं सासर गगनबावड्याच्या बाजूला, घाटमाथ्यावरच्या एका गडावर. गडाचं नाव लिहीत नाही, नाहीतर तिचे दीर वर्तमानपत्राची ही पुरवणी घेऊन माझ्या दारात येतील. इंग्रजांनी गडकऱ्यांचे हक्क काढून घेतले तेव्हा या गडानं बंड केलं आणि गोऱ्यांनी खालून वेढा घातला. वेढ्यात अडकलेले गडकरी रोज दिवेलागणीला कड्याच्या टोकावर कापडाचा पीळ तेलात भिजवून पेटवायचे. तो काकडा दिसला की खालच्या वाडीनं समजायचं, गड अजून भांडतोय. शेवटचा माणूस पडला त्या संध्याकाळी कडा अंधारात राहिला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्याच एकाच्या बायकोनं काकडा पुन्हा लावला, असं सांगतात. त्या बाईचं घर म्हणजे अक्काचं सासर. तेव्हापासूनची रीत अशी की त्या घरच्या माणसानं रोज संध्याकाळी आपल्या हातानं काकडा लावायचा. वाडीतल्या कुणी लावलेला चालत नाही. जागेवर आता दगडी चौथरा आहे, ढाल-तलवार कोरलेली शिळा आहे, आणि पुढे लोखंडी कठडा.

दाजी होते तोवर काकडा ते लावायचे. नव्वद सालानंतर थोड्याच वर्षांत दाजी गेले. मूलबाळ नव्हतं. दोन्ही दीर कधीच कोल्हापुरात येऊन स्थिरावले होते, त्यांच्या बायका तर पावसाळ्यात गडाचं नाव काढलं तरी शिंकायच्या. राहिली अक्का. "वैनी हायत की वर," एवढ्या एका वाक्यात सगळ्यांची सोय झाली. ती त्या घरात जन्मलेली नव्हती, पण रीत मात्र तिच्याच गळ्यात पडली. सकाळी खाली उतरायची तिला मुभा होती, संध्याकाळी परत वर असलंच पाहिजे. मुक्काम म्हणून कुठे नाही.

दरवर्षी चौथऱ्यावर कार्यक्रम व्हायचा. जीपगाड्या यायच्या, हार पडायचे, स्वातंत्र्य या विषयावर माणसं घाम पुसत बोलायची, आणि शेवटी 'या माउलीनं ज्योत तेवत ठेवली' म्हणून अक्काला साडी-चोळी व्हायची. एका वर्षी मीही गेलो होतो. जीपगाड्या धूळ उडवत उतरल्या तशी अक्का ती कोरी साडी घेऊन ओसरीवर बसली आणि टराटरा फाडायला लागली. मी ओरडलो, तर म्हणाली, "मग काकडं कशाचं वळू? सुती असली की बरी जळती. गेल्या साली नायलॉनची दिलती मुडद्यांनी, नुसता वास!" मी हसलो, तीही हसली. मग पट्टी मांडीवर घेऊन पीळ देता देता कड्याकडे बघत म्हणाली, "त्यास्नी तोफा लावून कोंडलं रं... मला साडी-चोळी करून."

माझ्या मुलीचं लग्न कोल्हापुरात होतं आणि मुहूर्त नेमका गोरज. अक्का सकाळी आली, हळद लावली, मुलीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. जेवण झाल्यावर तिचं लक्ष उडालं. कुणाशीही बोलताना दारातलं ऊन कुठवर आलंय ते बघायची. मी तिच्या एका दिराला मांडवातच गाठलं, म्हटलं, आज एक दिवस तू जा. तो म्हणाला, "मी वरपक्षाकडचं बघतोय न्हवं!" वरपक्षाकडचं तो काय बघत होता ते मला आजतागायत कळलेलं नाही. अक्षता पडल्या तेव्हा अक्का तिकडे कड्यावर काकडा लावत होती. दुपारी घाटाच्या एस.टी.साठी स्टँडवर तिला सोडताना मी तिच्यावरच डाफरलो, "एक दिवस न्हाई लागला तर काय कडा कोसळंल?" ती म्हणाली, "कडा न्हाई रं. खाली म्हातारी माणसं दिव्याकडं बघून जेवाय बसत्यात."

तिला एकच इच्छा होती, नृसिंहवाडीची संध्याकाळची पालखी बघायची. दुपारचं दर्शन तिनं घेतलं होतं, पालखी कधीच नाही. "पालखी बघायची आन घाटावरच निजायचं," असं म्हणताना तिचा आवाज पोरीसारखा व्हायचा. तेवढ्यासाठी मी दोन्ही दिरांचे उंबरे झिजवले. वर आपोआप लागणारा सौरदिवा बसवा, बाईला एक दिवस तरी मोकळी करा. दोघांचं उत्तर एकच, "रीत हाताची हाय, पावणं. मशीनचा दिवा चालत न्हाई."

अक्काला गडावरच अग्नी दिला. अस्थी तरी नृसिंहवाडीच्या संगमावर नेतो म्हटलं, तर त्या गडावरच्या तळ्यात सोडायच्या, हीसुद्धा रीतच निघाली. आणि तेराव्याला गेलो तर चौथऱ्याशेजारी खांब उभा! सौरदिवा. आता वर राहायचं कुणी, हा प्रश्न आल्याबरोबर मशीनचा दिवा चालायला लागला होता. मी दिरांना काय काय बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. म्हादबा म्हणाला, "धुकं आलं की भर दुपारीबी लागतोय त्यो. आमी बघत न्हाई त्याच्याकडं. घरात माणूस हाय का न्हाई, काय कळतंय त्यातनं?"

निघताना अक्काच्या रिकाम्या घरात गेलो. देवळीत तेलाच्या वाटीशेजारी एक काकडा वळून ठेवलेला होता. शेवटच्या दिवशीचा, लावायचा राहिलेला. हिरवी सुती साडी, काठ आत घेऊन घट्ट पीळ. मी तो खिशात घातला, कुणाला विचारलं नाही, आणि गड उतरलो.

परवा जयसिंगपूरला उतरून नृसिंहवाडीला गेलो. पालखी निघाली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. सवयीनं मी पश्चिमेकडे, गडाच्या बाजूला बघितलं, मग खिशातल्या काकड्यावर हात ठेवला. "बस, अक्का," म्हटलं, "आज कुठं जायचं न्हाई." पालखी डोळे भरून बघितली आणि घाटावरच आडवा झालो. काकडा आता माझ्या घरी आहे, अक्काच्या फोटोपुढे. घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय... तो कुणी पेटवायचा नाही.