जुन्या जागेचा आकडा दाखवणारा दगड

प्रिय रेवा आणि चिन्मय,

घरात कोणी भुताखेताचं काढलं की मी विषय बदलायची, हे तुमचे बाबा सांगतील. चौतीस वर्षं गणित आणि इंग्रजी शिकवलं मी. तरी हे लिहिते आहे... कारण वाडी तुमच्या नावावर करायची आहे, आणि ती नेमकी किती ते तुम्हाला कळायला हवं.

जागा — काशीदची आपली सुपारीची वाडी. पूर्वेला शेजारच्या सुगंधाची वाडी, मध्ये हद्दीचा दगड. गेल्या मार्चमध्ये सरकारी मोजणी झाली. सकाळचे अकरा, लख्ख ऊन. मोजणीदाराच्या काठीवरचं यंत्र प्रत्येक कोपऱ्याचे दोन आकडे देतं — ठरलेल्या बिंदूपासून किती पूर्वेला, किती उत्तरेला. तुमच्या ग्राफपेपरवरचे x आणि y, तेच.

चारही कोपरे जुन्या नकाशाशी जुळले, हद्दीचा दगडसुद्धा. मला हायसं वाटायला हवं होतं. पण हद्दीच्या दगडाचा आकडा जुळणं शक्यच नव्हतं... का, ते सांगते.

मोजणीदाराने विहिरीपासून टेप लावून ताळा केला. दगड नकाशापेक्षा साडेतीन मीटर पूर्वेला भरला. त्याने काठी दगडावरून वीतभर बाजूला घेतली, तर आकडा टेपशी जुळला. परत दगडावर ठेवली — साडेतीन मीटर कमी. माडांमुळे सिग्नल फसतो, म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुसरं यंत्र आणलं. तेच.

"आजी, ह्या दगडाला आपली जुनी जागा आठवतेय वाटतं," तो हसत म्हणाला.

यंत्र दाखवत होतं तिथे, आपल्या कुंपणाच्या आत, त्याने खणायला लावलं. हातभर खाली कोळसे निघाले. पूर्वी हद्दीचा दगड पुरताना खाली कोळसा घालत. तो कुजत नाही, म्हणून दगड कोणी हलवला तरी खरी जागा सापडते.

मुलांनो, मला कोळशाचं आश्चर्य वाटलं नाही. कुंपण घालताना तुमच्या आजोबांनी तो दगड सरकवला, तेव्हा टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. साडेअकरा फूट. सुगंधाचा नवरा बोटीवर गेलेला. मी गप्प राहिले.

त्या दुपारी सुगंधाच्या पडवीत जाऊन सगळं सांगितलं. ती कोळंबी सोलत होती, हात थांबले नाहीत.

"मला ठाव हाय, बाई. तवाच पावलांनी मोजलं व्हतं मी." मग पुढची कोळंबी उचलत, "माज्या पोरांना तुमी फुकट शिकवत व्हता. कशी बोलणार?"

दगड आम्ही जुन्या जागी रोवला. त्यावर काठी ठेवली, टेप लावली... आता दोन्ही जुळतात. आधी काय होत होतं ते मोजणीदाराला सांगता आलं नाही, त्याच्या साहेबांनाही नाही. मी कागदावर सगळं मांडून पाहिलं. मलाही नाही.

वाडी तुम्हाला साडेअकरा फुटांनी लहान मिळेल. सुगंधा अजून रोज आपल्या दारावरून जाते, हाक मारते. पूर्वी बसायची. त्या दुपारपासून थांबत नाही.

— तुमची आजी