धुक्यातल्या गावाला सूर्य शिकवताना

चराचरावर न मागता प्रकाश ओतणाऱ्या सूर्यनारायणास आणि करवीरनिवासिनी जगदंबेस साष्टांग दंडवत.

शिक्षकाजवळ किस्से देवघरातल्या निर्माल्यासारखे साचतात. टाकवत नाहीत आणि परडी तर रोज भरते! मी विज्ञानाचा निवृत्त शिक्षक. दर शनिवारी पूजा आटोपून कोल्हापूरहून एसटीने गगनबावड्याकडच्या एका हायस्कुलात सौरऊर्जा शिकवायला जातो. पावसात तिथली वीज गेली की दिवसेंदिवस येत नाही. म्हणून शहरातल्या एका संस्थेने दहावीच्या संध्याकाळच्या अभ्यासिकेला सोलर पॅनेल, बॅटरी आणि दिवे दिले. अट एकच. दिवाळीनंतर त्यांचे साहेब येऊन पाहणार. दिवे लागले तर संच इथेच, नाहीतर उचलून मुरगूडच्या शाळेला! मुख्याध्यापिका सुनंदाबाईंनी त्याच दिवशी अंबाबाईला नवस बोलला.

*

संच बसवला तेव्हा शिपाई सदूमामा नारळ घेऊन आले. मी डोळे मिटून सूर्याचे ध्यान करीत होतो. डोळे उघडतो तो काय, मामांचा हात नारळासकट पॅनेलवर उगारलेला!

“मामा! काच आहे ती!” मी किंचाळलोच.

“मग नारळ फोडू कुठं? देव तर ह्योच की!”

बाईंनी धावत येऊन त्यांचे मनगट धरले, म्हणून पहिल्याच दिवशी संच मुरगूडला जायचा वाचला.

*

पहिला तास. भर आषाढ. खिडकीबाहेर धुक्यात समोरचे झाडही दिसेना. सूर्य आपल्याला किती देतो आणि मोबदला म्हणून काहीच कसे मागत नाही, यावर मी मोठ्या भक्तिभावाने बोललो.

“कोणाला काही शंका?”

दहावीतली शेवंता उभी राहिली. “गुरुजी, सगळं पटलं. पर तुमचा सूर्य हाय कुठं?”

इतक्या वर्षांच्या शिकवण्यात माझा खडू प्रथमच हातातून पडला.

*

श्रावणात एका शनिवारी लख्ख ऊन पडले. मी एसटीतच हात जोडले. आज बॅटरी भरून घेणार! शाळेत पोहोचलो तो पॅनेलवर निळी ताडपत्री, चारी बाजूंनी सुतळीने आवळलेली.

“मामा, हे काय केलेत?”

“मीच झाकलंय. एवढं मोलाचं सामान, उन्हानं करपलं असतं की!”

मी पायरीवर मटकन बसलो. मामांनी प्रेमाने पाण्याचा तांब्या पुढे केला. “बसा गुरुजी, सावलीत बसा. तुमास्नी बी ऊन लागलंय.”

*

खंडेनवमीला सगळी अवजारे पुजतात, मग पॅनेल कसे सुटेल? मुलींनी त्याच्यावर हळदीचा जाड लेप दिला, कुंकवाचे स्वस्तिक काढले, झेंडूची हातभर माळ घातली. संध्याकाळी अभ्यासिकेचे दिवे काजव्यासारखे मिणमिणू लागले.

“पुसावे लागेल,” मी म्हणालो. सगळे एकदम मागे सरकले.

“गुरुजी, तुम्हीच पुसा,” बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “तुमची रोजची पूजा आहे. तुम्हाला देव माफ करेल.”

नामस्मरण करीत मी देवावरची हळद पुसली. असा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये!

*

सूर्यचूल दाखवायची होती. दिवस एकादशीचा, म्हणून मी मुद्दाम वरीच्या तांदळाचे साहित्य नेले. मुले म्हणाली, “आमी लावतो, गुरुजी. तुमी निवांत जप करा.” दुपारी चुलीची काच उचलली, आतल्या काळ्या डब्याचे झाकण काढले, आणि आला तो वास! मटण!

“हरी, हरी! एकादशीला सूर्यनारायणाकडून मटण शिजवून घेतलेत?”

“त्यास्नी काय कळतंय, गुरुजी?” शेवंता शांतपणे म्हणाली. “डब्याला झाकण हुतं की!”

*

आणि साहेब आले ते नेमके दिवाळीनंतरच्या अवकाळी पावसात. तीन-चार दिवस उन्हाची तिरीप नव्हती, तारेवरची वीजही गेलेली. रोजच्या अभ्यासाने बॅटरी केव्हाच रिकामी झाली असणार, हे मला ठाऊक होते. बाईंचे ओठ पुटपुटत होते. साहेबांचा ड्रायव्हर पॅनेलचे बोल्ट काढायला हातात पाना घेऊन दारातच उभा.

“लावा दिवे,” साहेब म्हणाले.

मी डोळे मिटले. खटका वाजला. डोळे उघडले तो सारी खोली दुधासारखी उजळलेली!

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. बाईंनी तर भिंतीलाच हात जोडले.

“या अशा हवेत?” साहेबही चकित झाले. “छान! म्हणजे रोज रात्री या दिव्यांखालीच अभ्यास चालतो?”

“न्हाई, साहेब,” शेवंता म्हणाली.

बाईंनी तिला डोळ्यांनी दटावले. ती थांबली नाही.

“आभाळ भरून आल्यापास्नं आमी दिवं लावलंच न्हाईत. मेणबत्तीवर अभ्यास केला. तुमी येणार हुता, म्हणून सोलर राखून ठेवला.”

साहेबांनी बाकावर वाळलेला मेणाचा थेंब नखाने खरवडून पाहिला. मग दाराकडे वळून म्हणाले,

“पाना गाडीत ठेव.”

*

ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरी लेकरांच्या पुस्तकावर उजेड पडो, आणि कोणाच्याही उंबऱ्यातून तो माघारी न जावो. शुभं भवतु.