माझ्या चहाला आलेली लोखंडी चव

नील, इरा — तुमच्या बाबांनी फोनवर अर्धवट सांगितलं असेल, म्हणून क्रमाने लिहिते. मी आयुष्यभर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जायचे.

या पावसाळ्यात, इथे जे. पी. नगरच्या फ्लॅटमध्ये, आजोबांना डेंग्यू झाला. पाचव्या दिवशी सकाळी ताप नॉर्मल. मी तक्त्यात नोंद केली, रोजच्यासारखा डाळिंबाचा रस दिला. शेजारच्या शांताक्का, मूळच्या बेळगावच्या, त्यांच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाल्या, "आता सरी झालं बघा, बरं झालं. स्वल्प झोपू द्या त्यांना."

अकराला चहा घेतला... तर त्याला लोखंडाची चव! पाणी प्यायले, तीच. जिभेवर खिळा ठेवल्यासारखी. कवळी काढून घासली, आरशात हिरड्या पाहिल्या. साधा ओरखडाही नाही. आणि आजोबांच्या खोलीत गेले की चव जास्तच.

"अहो, आ करा बघू."

"आता डेंटिस्ट झालीस का?"

"करा म्हणते ना!"

दात लाल होते. "तुझ्याच रसाचा रंग," ते हसले. आदल्या दिवसापासून मीही तेच समजत होते. या वेळी मात्र ओल्या कापसाने पुसलं. दोन मिनिटांत हिरडीच्या कडेने पुन्हा लाल रेघ उमटली.

तशीच टॅक्सी करून हॉस्पिटल गाठलं. प्लेटलेट्स फार खाली, ब्लड प्रेशरही उतरत होतं. डॉक्टर म्हणाले, "अम्मा, अजून दोन-तीन तास थांबला असता तर कठीण होतं. ताप उतरतो तेव्हाच जास्त जपायचं असतं." मी चवीचं सांगितलं, तेव्हा त्यांनी माझंही रक्त तपासलं. काही निघालं नाही.

तिसऱ्या दिवशी कँटीनमध्ये कॉफी पिता पिता चव गेली — एकदम, घोटाच्या मध्येच. वर आले तर नर्स म्हणाली, "आत्ताच बघितलं अम्मा, रक्त थांबलंय."

आजोबा आता ठणठणीत आहेत आणि पार्कात ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगतात. तुमचे बाबा म्हणतात, "आई, टेन्शनने होतं असं." होत असेल. पण त्या सकाळी मला टेन्शन नव्हतंच. ताप उतरला म्हणून मी निर्धास्त होते. चहा संपवून, आजोबांना झोपवून, दोन तास बँकेत आणि बाजारात जाणार होते. बाहेरून कुलूप लावून.

ती चव कुठून आली, मला अजून माहीत नाही.