सुकाणूची मागची धार

‘माय मरो पण मावशी उरो’ ही म्हण ज्यानं केली, त्याला एकदा विचारायचंय, मायनं तुझं काय घोडं मारलं होतं? मला बहीण नाही. तरी गेली दोन वर्षं आमच्या गॅरेजमधून ‘मावशी, जरा बघ ना’ असं ऐकू येतं आणि माझ्या पोटात दुखतं.

ही मावशी विमानदुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झालेली. तीस वर्षं पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकून डावा कान गेलाय, म्हणून बोलताना उजवा खांदा पुढे काढते. पर्समध्ये काळ्या दोऱ्याचं रीळ असतं, ताणून रेघ तपासायला. माझी मुलगी गॅरेजमध्ये दोन माणसांचं विमान बांधतेय हे कळल्यावर ती आपणहून आली, आणि दर शनिवारी येतच राहिली. चहा पार गार करून पिते. मुलीला एकदाही ‘जपून गं’ म्हणालेली नाही. ते खातं माझ्याकडे.

त्या शनिवारी शेपटीवरच्या सुकाणूचं काम निघालं. त्याचे दोन पातळ पत्रे मागच्या धारेशी एकत्र येतात, मध्ये ॲल्युमिनियमची लांब पाचर.

“भोक पाचरीच्या मध्यरेषेला काटकोनात पाड, पत्र्याला नाही,” मावशी सांगत होती. “आणि रिव्हेट आधी दर दहावा. मग मधले. एका टोकाकडून सुटलीस तर धार वाकेल, आणि विमान जन्मभर एका अंगाला ओढेल.”

भोकं पाडून झाली. रिव्हेट बुधवारी लावायचे ठरले, पण बुधवारी मावशी कान दाखवायला गेली. मी सुकाणू धरायला उभी राहिले. मुलगी दहा-दहा मोजत होती, सारखी चुकत होती.

“सरळ जा की एका टोकाकडून,” मी म्हणाले. “आज संपेल. शनिवारी मावशीला तयारच दाखव.”

“मावशी म्हणाली होती...”

“मावशी, मावशी. मी काय आयुष्यात काही जोडलं नाही?”

तिचे सगळे फ्रॉक मी शिवले. दुमड घालण्याआधी मधे मधे कच्चे टाके घालतात, हे मला ठाऊक होतं. तरी बोलले. त्या विमानात एक तरी गोष्ट त्या बाईशिवाय पुरी व्हावी असं वाटत होतं.

शनिवारी मावशीनं दोरा ताणला. मधोमध दोरा आणि धार यांत तीन मिलिमीटरची फट.

“कुणी सांगितलं सरळ जायला?”

“मीच घाई केली,” मुलगी म्हणाली.

पोर माझ्यासाठी खोटं बोलली, म्हणून क्षणभर मला बरंसुद्धा वाटलं. मग लाज वाटली. “मी सांगितलं,” मी म्हणाले.

“काय?”

मी तिच्या डाव्या बाजूला उभी होते. कबुली मोठ्यानं, दुसऱ्यांदा द्यावी लागली.

मावशी हसली. “पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं ताई. मुकादमानं अख्खी शेपटी उसवायला लावली.” तिनं मार्कर माझ्या हातात दिला. “तुम्ही शिवता ना? मग दहाव्याच्या खुणा तुम्ही करा.”

चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. शहाणपणात कुणी वरचढ निघालं की जास्त झोंबतं.

नवे पत्रे आले. खुणा मी केल्या, एकेक दोनदा मोजून. मुलीनं आधी दर दहावा दाबला, मग मधले. मावशी नुसती बघत होती. शेवटी तिनं दोरा ताणला आणि मान हलवली. मुलीनं तिला मिठी मारली. आधी तिला.

मी रीळ उचललं आणि दोरा पुन्हा ताणला. मावशीचं काही चुकलेलं सापडावं असं फार वाटत होतं. पण याच सुकाणूच्या भरवशावर माझी पोर वर जाणार होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर तीनदा फिरवली.

“दिसते का ताई फट?”

मी तिच्या उजव्या कानाशी गेले. “नाही,” म्हणाले.