दुसऱ्या दिवशी सकाळची सही

अनुश्रीच्या फायलीवर पहिल्याच दिवशी चाळीस सह्या झाल्या. तोवर तिने एकही पाठ घेतलेला नव्हता. पानं कोरी होती. वर ‘पाठ क्रमांक’ छापलेलं, खाली ‘मार्गदर्शक शिक्षकाची स्वाक्षरी’, आणि त्या खालच्या रेघेवर चाळीस वेळा वनमाला दीदींचं नाव. संध्याकाळी फाईल माझ्यापुढे ठेवून ती खुशीत म्हणाली, “आजी, दीदी किती चांगली आहे. सगळं टेन्शन खतम.”

माझ्या रोजनिशीत त्या तारखेला, म्हणजे २१ ऑगस्ट २०२४ला, एकच ओळ आहे: आज एका शिक्षिकेने चाळीस न घडलेल्या गोष्टींवर सही केली आणि सगळे खूश आहेत.

अनुश्री भोंगाडे डोंगरगडची. वडील रेल्वेत. बी.एड.साठी ती चौबे कॉलोनीत माझ्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आली. दुसऱ्या वर्षी सोळा आठवडे एखाद्या शाळेत प्रत्यक्ष शिकवावं लागतं. तिथल्या एका शिक्षकाने नवशिक्याला हाताशी धरायचं, त्याचे चाळीस पाठ बघायचे आणि प्रत्येकावर सही करायची. तिला बीरगांवची एक सरकारी शाळा मिळाली आणि मार्गदर्शक म्हणून वनमाला दीदी. वनमाला दीदी वाईट बाई नव्हत्या. ऑनलाइन माहिती भरण्याचं सगळं काम शाळेने त्यांच्या गळ्यात घातलं होतं. त्यामुळे आयती मुलगी मिळताच त्यांनी सहावीचं गणित तिच्या हवाली केलं आणि स्वतः कॉम्प्युटरपुढे जाऊन बसल्या. कोऱ्या फायलीवर सह्या देणं ही त्यांची एकटीची पद्धत नव्हती. कॉलेजला ते माहीत होतं, शाळेला माहीत होतं. बाजारात मागच्या वर्षीची लिहिलेली फाईल मिळायची, ती उतरवून काढायची, की झाला शिक्षक तयार. एखाद्याने असा ड्रायव्हर तयार केला तर त्याला पोलीस धरतात.

पण मला लिहायचं आहे ते विजया ठवकर हिच्याबद्दल. त्याच शाळेत ती गणित शिकवत होती. तेव्हा वय छप्पन्न. माहेर गोंदियाचं, सासर पुरानी बस्तीतलं. अंगाने किरकोळ, आवाज मात्र आठवीच्या वर्गातून गेटपर्यंत जाणारा. शाळेत तिच्याशी कामापुरतं बोलत. भांडखोर म्हणून तिचं नाव होतं, आणि ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात अनुश्री अपूर्णांक शिकवत होती. शेवटी तिने विचारलं, “समझ में आया?” पन्नास पोरं एका सुरात “हव” म्हणाली. ती समाधानाने बाहेर आली, तर खिडकीपाशी विजया उभी.

“कोणाले शिकवून राहिली होती?” विजयाने विचारलं.

“सिक्स्थ को, मॅडम.”

“नाही. फळ्याले शिकवून राहिली होती. पोट्टे हव म्हणतात ते बाई थांबावी म्हणून.”

अनुश्री त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही. ती बाई स्वतःला काय समजते, कोणी विचारलं होतं तिला, असं पुष्कळ बोलली. मीही तिचीच बाजू घेतली. पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती आपण होऊन विजयाकडे गेली आणि म्हणाली की मग कसं शिकवायचं ते तुम्ही दाखवा. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते. कॉलेजने दिला तो मार्गदर्शक फायलीत होता. खरा तिला मागावा लागला, आणि तोही शिव्या खाऊन.

विजयाने साफ नाही म्हटलं. दर वर्षी तुम्ही येता, भिंतीवर चार्ट चिकटवता, पोट्ट्यांसोबत फोटो काढता आणि धडा अर्धवट टाकून निघून जाता. तो मग कोण उचलते, असं तिने विचारलं. अनुश्री म्हणाली, मी नाही जाणार. विजयाला ते खरं वाटलं नाही, तरी तिने अट घातली. दोन आठवडे शिकवायचं नाही. वनमालाचे तास विजया घेईल. अनुश्रीने मागच्या चटईवर एकाच मुलीशेजारी बसायचं आणि ती मुलगी काय करते ते मिनिटामिनिटाला लिहून काढायचं. मुलगीही विजयानेच निवडून दिली. टिकेश्वरी, वर्गातली हुशार पोरगी, बाप उरला वसाहतीतल्या कारखान्यात. हुशार पोर कसं शिकते ते पाह्य, म्हणाली.

दोन आठवड्यांनी अनुश्रीने वही पुढे केली. त्यात लिहिलं होतं की टिकेश्वरी गणित सोडवतच नाही. शेजारणीच्या पाटीवर उत्तर आलं की ते आधी उतरवते आणि मग वरची मांडणी सुंदर अक्षरात भरते. हात सगळ्यांबरोबर वर करते, पण अर्ध्यापर्यंतच, म्हणजे तिला कोणी उठवत नाही.

विजया भडकली. दोन आठवडे मी हिला शिकवून राहिली, तू मागं बसून मला सांगतेस, असं सगळ्या स्टाफरूमसमोर म्हणाली. मग टिकेश्वरीला बोलावून एकटीला विचारलं, एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश. पोरगी ताबडतोब म्हणाली, अष्टमांश. आठ मोठे असतात. अनुश्री सांगते की ती वही घेऊन मॅडम पूर्ण तास नुसत्या बसून होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी खडू अनुश्रीच्या हातात दिला आणि स्वतः मागच्या चटईवर जाऊन बसल्या.

तिथून खरं काम सुरू झालं. विजयाची सही करण्याची रीत साधी होती. पाठ झाला त्या दिवशी सही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेनंतर ती कोणतीही तीन पोरं उभी करायची, काल शिकवलेलं करून दाखवायला सांगायची. तिघांना आलं तर सही. दोघांना आलं तर पाठ पुन्हा. अनुश्रीने वेगळी फाईल केली. एक पाठ तिला तीनदा घ्यावा लागला. तिसऱ्या वेळी तिने सुतळीचे सारख्या मापाचे तुकडे आणले, पोरांच्या हातात कात्र्या दिल्या, आठ भाग आणि चार भाग स्वतः कापायला लावले. पोरं सुतळीच्या ढिगाऱ्यात बसून एकमेकांशी भांडली तेव्हा कुठे अष्टमांश लहान झाला.

दोघी वाद घालत. अनुश्रीला वाटे, मॅडम पोरांना फार घाबरवतात, आणि ती ते तोंडावर सांगे. विजया म्हणे, तू त्यांना फार हसवतेस, हसता हसता तास जातो. एकदा विजयाने तिला सांगितलं की धमतरीकडच्या गावात ती शिक्षाकर्मी, म्हणजे कंत्राटी शिक्षिका, म्हणून लागली तेव्हा पाच वर्ग एकटीकडे होते, आणि चार वर्षांत एकही माणूस तिचा तास बघायला आला नाही. तिच्या हाताखालून पास होऊन गेलेली एक मुलगी पुढे बाजारात भेटली, तिला वजनकाटा वाचता येत नव्हता. “मले कोणी सांगितलंच नाही का मी खराब शिकवून राहिली,” असं ती म्हणाली. हे ऐकल्यापासून अनुश्रीने तिच्याबद्दल तक्रार करणं सोडलं.

मी मात्र सोडलं नव्हतं, कारण मी मोजत होते. डिसेंबर आला, सोळा आठवडे संपले, आणि विजयाच्या सह्या झाल्या होत्या सतरा. कॉलेजला चाळीस पाठ हवे होते. चाळीस नसतील तर ‘अपूर्ण’, आणि अपूर्ण म्हणजे मुलीचं वर्ष गेलं. वडिलांचे रोज फोन येत. वनमाला दीदींच्या चाळीस सह्यांची कोरी फाईल कपाटात तशीच होती. चार दिवस बसून भरली असती तर प्रश्न मिटला असता.

अनुश्रीने सतरा पाठांची फाईल दिली. प्रत्येक पाठामागे दुसऱ्या दिवशीच्या तीन पोरांची नावं आणि त्यांनी काय केलं ते. कॉलेजचे रणजित सर इंटर्नशिपचं काम बघत. त्यांनी पानं उलटली, वाचली नाहीत, आणि फाईल टेबलावर सरकवली. सगळ्यांचे चाळीस होतात, तुझेच कसे होत नाहीत, सोमवारपर्यंत पूर्ण कर, असं सांगितलं.

मग मी ऑटो करून बीरगांवला गेले. विजयाला मी तोवर पाहिलं नव्हतं. भांडायलाच गेले होते. गेटपाशी गाठून मी तिला सांगितलं की तुमच्या तत्त्वापायी एका गरीब घरच्या मुलीचं वर्ष चाललं आहे, तेवीस सह्या करायला तुमचा हात झिजणार नाही.

ती मला आत घेऊन गेली नाही. तिथेच उन्हात उभी राहून म्हणाली, “काकू, मी तिले सतरा दिल्या, कारण सतराच झाले. दुसरी फाईल भरू नको असं मी तिले कधी म्हटलं? तिनं काहून नाही भरली, ते तिले विचारा.”

मी म्हटलं, ती तुम्हाला घाबरते.

“घाबरत असती तं टिकेश्वरीची वही माझ्यापुढे ठेवली असती का?” ती म्हणाली आणि पिशवी घेऊन माझ्याच ऑटोत बसली. “चला तुमच्या कॉलेजात.”

रणजित सरांसमोर ती ओरडली नाही. तिने एवढंच म्हटलं की तुमच्या कपाटात या वर्षीच्या साठ फायली आहेत. कोणतीही एक काढा, कोणताही पाठ काढा. उद्या सकाळी मी तुमच्यासोबत त्या शाळेत येते, तीन पोरं उभी करू. आलं तिघांना, तर या पोरीच्या फायलीवर मी आत्ता तेवीस सह्या करते.

सर हसले. मॅडम, असं कुठे असतं का, म्हणाले. नियम नियम असतो. विजया तिथेच बसून राहिली. अर्धा तास. चहा आला, तिने घेतला नाही. कपाटाकडे बघत बसली. बाहेर दोन प्राध्यापक येऊन थांबले तेव्हा सरांना घाई झाली. त्यांनी लिहून दिलं की शाळेचं सत्र संपेपर्यंत उरलेले तेवीस पूर्ण करावेत, उशिराचा शेरा राहील.

मला त्या शेऱ्याचा संताप आला, अजून येतो. जिने काम केलं तिला शेरा, ज्यांनी उतरवून काढलं ते वेळेवर.

जानेवारीपासून अनुश्री रोज बीरगांवला जात राहिली. बरोबरीच्या मुली नोकऱ्यांचे अर्ज भरत होत्या. विजयाने एकाही सहीत सूट दिली नाही, आणि ती मागितलीही गेली नाही. एप्रिलच्या शेवटी उन्हामुळे शाळा ठरल्या दिवसाआधी बंद झाल्या, तेव्हा अडतीस झाले होते.

दोन उरले. मी विजयाला फोन करून म्हटलं, आता तरी.

ती म्हणाली, बघते. तिने बघितलं ते असं: दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती बीरगांवच्या गल्ल्यांतून दारोदार गेली आणि पोरांना हाका मारून गोळा केलं. शाळेला कुलूप होतं. व्हरांड्यात एकोणचाळिसावा पाठ झाला. पुढच्या सकाळी तिघांना आला. चाळिसावा त्याच दिवशी झाला, दशांश चिन्हाचा. त्याच्या पुढच्या सकाळी अकराच पोरं आली. तिघांतल्या एकाला आलं नाही. ऊन भिंतीवर चढत होतं. अनुश्रीने विजयाकडे पाहिलंसुद्धा नाही, ती पुन्हा व्हरांड्यातल्या फळ्याशी गेली. शेवटच्या सकाळी सहा पोरं होती, त्यांत टिकेश्वरी. विजयाने तिलाच आधी उभं केलं. तिने शून्य दशांश पाच आणि शून्य दशांश पंचवीस यांतलं मोठं कोणतं ते सांगितलं, आणि कोणी न विचारता काहून तेही सांगितलं. मग आणखी दोघांनी. सही झाली.

निकाल पुरवणी यादीत, ऑगस्टमध्ये लागला. इंटर्नशिपला अनुश्रीला एकसष्ट टक्के. तिच्या वर्गातल्या, शाळेत आठवड्यातून दोनदा तोंड दाखवणाऱ्या एकीला अठ्ठ्याऐंशी. त्या संध्याकाळी विजया पहिल्यांदा माझ्या घरी आली होती. मी गुणपत्रिका तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, यावर अर्ज करू, वर तक्रार करू, मी लिहून देते, माझ्याकडे सगळ्या तारखा आहेत.

“द्या लिहून,” विजया म्हणाली. “मी पण सही करते.” मग अनुश्रीकडे वळून तिने विचारलं, चाळिसांतला सगळ्यात खराब पाठ कोणता झाला.

“नववा,” अनुश्री म्हणाली.

“नववा ठीक होता. चौदावा. चौदाव्यात तू घाई केली.”

“घाई तुम्ही केली मॅडम, घंटी व्हायच्या आधी पोरं उठवली तुम्ही.”

विजयाने पिशवीतून आपली पाठांच्या नोंदींची वही काढली. मी अर्जाचा मसुदा लिहायला घेतला. पहिल्या परिच्छेदाला त्यांना दोनदा विचारलं की कॉलेजचं नाव पूर्ण काय लिहू. दोघींपैकी कोणीच ऐकत नव्हतं.