डॅशबोर्डवरचा दुपट्टा

मोहाडीत माझं कुशनचं दुकान आहे. मोटारसायकलच्या सीटा, ऑटोची हुडं, ट्रॅक्टरच्या गाद्या, जे येईल ते शिवतो. हात चांगला आहे आणि तसं मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगेल याची वाट पाहण्याचा माझा स्वभाव नाही.

बाबांचा ट्रक मात्र दुकानात यायला फार वर्षं लागली. त्या जुन्या ट्रकने ते आसगावकडचं धान गिरण्यांवर पोचवायचे. उन्हाने डॅशबोर्ड इतका तडकला होता की भेगेत बोट जायचं. विषय काढला की बाबांचं उत्तर ठरलेलं, "गाडी चालते ना? मंग झालं." शेवटी एका दिवाळीच्या आधी मी ट्रक अडवूनच ठेवला. भेगा भरल्या, घासून सपाट केल्या, पातळ फोम चिकटवला आणि वर दुकानातलं सगळ्यात भारी रेक्झिन ताणून बसवलं. मलई रंगाचं, चकचकीत, कडेला लाल पायपिंग. शेडच्या सावलीत ते असं खुललं की मी दोनदा मागे सरकून पाहिलं.

बाबांनी त्यावरून हात फिरवला. "मस्त केलं रे तू," म्हणाले. माझ्या कामाला त्यांनी चांगलं म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती.

मग काय, बाबा मोहाडीत आले की मी गिऱ्हाइकांना केबिनमध्ये चढवायचो आणि डॅशबोर्ड दाखवायचो. एकदा ते अचानक आले, तर डॅशबोर्डवर त्यांचा नेहमीचा खांद्यावरचा काळपट दुपट्टा पसरलेला. मी भडकलो.

"झाकून काहून ठेवता?"

"धूळ बसते ना," असं म्हणून त्यांनी दुपट्टा उचलून खांद्यावर टाकला.

धुळीचा बंदोबस्त मी त्याच दिवशी केला. वरून जाड पारदर्शक प्लास्टिक बसवून दिलं, म्हणजे दुपट्ट्याची गरजच नको. बाबा शेजारी उभे राहून पाहत होते.

धान निघाल्यावर आमच्याकडे लोक ते डांबरी रस्त्याच्या कडेला वाळत घालतात. एका दुपारी बाबांनी ट्रक सरळ अशा धानावरून नेला. धान पसरणारी बाई हातातला खराटा टाकून बाजूला झाली म्हणून वाचली. चाळीस वर्षांत ज्यांच्या चाकाखाली कधी कोंबडी आली नव्हती, त्यांच्या हातून हे झालं. घरी मोठा भाऊ म्हणाला, "बाबा, तुमाले आता दिसत नाही. गाडी विकून टाकू." मीही मान डोलावली. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची सुरुवात आहे, पण काळजीचं कारण नाही. आम्ही त्यातलं पहिलं अर्धं तेवढं ऐकलं.

बाबांनी वाद घातला नाही. खिशातली किल्ली काढून भावासमोर ठेवली. त्या दिवसापासून ते अंगणात खाटेवर बसून राहू लागले, ट्रककडे पाठ करून. जेवायला बोलावलं तर उठायचे, तेवढंच.

गाडी पाहायला गिऱ्हाईक येणार होतं, त्या दुपारी मी आतले देवाचे फोटो उतरवून घ्यायला केबिनमध्ये चढलो आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. आयुष्यभर सीटा शिवल्या, पण उन्हाच्या वेळी त्या सीटवर बसून समोर कधी पाहिलं नव्हतं. काचेत रस्ता नव्हताच. उन्हात चमकणाऱ्या माझ्या मलई रेक्झिनचं प्रतिबिंब होतं, लाल पायपिंगसकट. सायकलवरून येणारा एक माणूस पार जवळ आल्यावर त्यातून बाहेर आला. मी अंगातला शर्ट काढून डॅशबोर्डवर पसरला, आणि पूर्ण रस्ता दिसायला लागला.

तसाच बनियनवर बाबांसमोर जाऊन उभा राहिलो.

"हे तुमाले कवा समजलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वळून ट्रककडे. "पहिल्याच दिवशी. शेडच्या बाहेर निघालो तवाच."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगणार होतो. पण तू लोकाईले बोलावून बोलावून दाखवून राहिला होता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या शेखीपायी हा माणूस आंधळेपणाचा ठपका घेऊन महिनाभर खाटेवर बसला होता आणि मी त्यावर मान डोलावली होती. भावाने गिऱ्हाइकाला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. मी प्लास्टिक फाडलं, रेक्झिन उचकटलं आणि दुकानात कोणी विचारत नाही ते काळं, मळकट दिसणारं, बिनचमकीचं रेक्झिन बसवलं. दिसायला अगदीच साधं झालं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाबांनी गाडी काढली. मी शेजारी बसलो. त्याच रस्त्याला, त्याच बाईचं धान परत वाळत पडलं होतं. बाबांनी लांबूनच वेग कमी केला आणि एकही दाणा न चिरडता ट्रक बाजूने काढला. दुपट्टा त्यांच्या खांद्यावरच होता.

"काम कसं झालं?" मी विचारलं.

"काही खास नाही," बाबा म्हणाले. "रस्ता दिसते."